टेस्ट ट्यूब, कृत्रिम, भाड्याचं: हे शब्द आले कुठून?



घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत कुठल्याही स्टेशनबाहेर उभ्या राहा, गुटगुटीत बाळाचा फोटो आणि त्याखाली आयव्हीएफ लिहिलेला एखादा बोर्ड दिसतोच. घरात मात्र हा शब्द कुणी उच्चारत नाही. 'तिची ट्रीटमेंट चालू आहे' एवढंच म्हणायचं आणि आवाज खाली आणायचा. मंदिरातून परतताना एखादी मोकळेपणाने बोललीच तर ती 'टेस्ट ट्यूब' म्हणते, आणि दुसरी लगेच विचारते, "म्हणजे मूल नक्की त्यांचंच ना?"

विचारणारीचं मन वाईट नसतं. शब्दच असे रुजले आहेत की ऐकल्याबरोबर मनात शंका यावी. मी बरीच वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं, त्यामुळे नात्यातल्या, मंडळातल्या मुली मला या गोष्टी विचारतात. नुसता अर्थ सांगून त्यांचं समाधान होत नाही असा माझा अनुभव आहे. शब्द कुठून आला, कुणी कशासाठी वापरला, हे सांगितलं की मग गाठ सुटते. म्हणून आज थोडा इतिहास.

सुरुवात परळपासून करू, कारण ती जागा आपल्या सगळ्यांना माहीत आहे. ६ ऑगस्ट १९८६ रोजी केईएम रुग्णालयात एक मुलगी जन्मली. डॉ. इंदिरा हिंदुजा तिथे स्त्रीरोगतज्ज्ञ होत्या. परळमध्येच भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची प्रजनन संशोधन संस्था आहे. तिचे तेव्हाचे संचालक डॉ. टी. सी. आनंद कुमार. रुग्णालय आणि प्रयोगशाळा यांनी मिळून हे काम केलं होतं. पुढे २०१६ मध्ये त्या मुलीने स्वतः मुलाला जन्म दिला. मला यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते: हे घडलं ते महानगरपालिकेच्या रुग्णालयात, जिथे केसपेपर काढून कुणीही जाऊ शकतं. आज आयव्हीएफ म्हटलं की आपल्याला एसी लाउंज आणि लाखांचं पॅकेज आठवतं, पण मुंबईत याचा आरंभ केईएमच्या लाकडी बाकांवरून झाला.

वर्तमानपत्रांनी तेव्हा 'टेस्ट ट्यूब बेबी' असंच छापलं, आणि तो शब्द आपल्या तोंडी बसला. गंमत अशी की यात टेस्ट ट्यूबमध्ये बाळ कधीच नसतं. स्त्रीबीज आणि शुक्राणू एकत्र ठेवतात ते पेट्री डिशमध्ये, म्हणजे झाकण असलेल्या चपट्या बशीत. ज्युलियस पेट्री नावाच्या जर्मन जंतुशास्त्रज्ञाने १८८७ मध्ये ती जंतू वाढवण्यासाठी तयार केली. त्या बशीत तीन ते पाच दिवस, मग आईच्या गर्भाशयात नऊ महिने. आयव्हीएफमधल्या 'इन व्हिट्रो'चा लॅटिन अर्थ 'काचेत' एवढाच. काचेत काय होतं? फलन. बाळ काचेत वाढत नाही. आणि 'टेस्ट ट्यूब बेबी' हा शब्द तर या तंत्राच्याही आधीचा आहे. १९३०च्या दशकात अमेरिकेतली वृत्तपत्रं तो वेगळ्याच उपचाराने झालेल्या मुलांसाठी वापरत होती. तिथे फलन शरीराच्या आतच व्हायचं, काचेचा संबंधच नव्हता. म्हणजे शब्द जन्मापासूनच चुकीचा!

१९८६च्या त्या मुलीला 'भारतातील पहिली' म्हणायची पद्धत आहे. त्यामागे एक दुःखाची कथा आहे, आणि तीही नाव देण्याघेण्याचीच आहे. जगातली पहिली मुलगी इंग्लंडमध्ये ओल्डहॅमला २५ जुलै १९७८ रोजी जन्मली. पॅट्रिक स्टेप्टो, रॉबर्ट एडवर्ड्स आणि जीन पर्डी या तिघांचं ते काम. त्यानंतर अवघ्या सत्तर दिवसांनी, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून एक मुलगी जन्मली. वृत्तपत्रांनी तिला 'दुर्गा' म्हटलं. त्यांनी औषधं देऊन जास्त स्त्रीबीजं तयार करवली, ती पोटाला दुर्बीण न लावता योनीमार्गातून काढली आणि तयार झालेला भ्रूण गोठवून नंतर गर्भाशयात ठेवला. आज प्रत्येक क्लिनिकमध्ये हेच चालतं. ओल्डहॅमच्या डॉक्टरांनी यातलं काहीच केलं नव्हतं.

पण राज्य सरकारने नेमलेल्या समितीला ते पटलं नाही. डॉक्टरांना जपानमध्ये आपलं काम मांडायला जाऊ दिलं नाही. शेवटी त्यांची बदली नेत्रविभागात केली. बाळं जन्माला घालण्याचं शास्त्र उभं करणाऱ्या माणसाला डोळ्यांच्या संस्थेत बसवलं! १९ जून १९८१ रोजी त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. तपन सिन्हांचा 'एक डॉक्टर की मौत' ज्यांनी पाहिला असेल त्यांना या कथेची छाया तिथे दिसली असेल.

पुढे १९९७ मध्ये आनंद कुमार यांनी मुखोपाध्यायांच्या हस्तलिखित नोंदी वाचल्या आणि 'करंट सायन्स' या नियतकालिकात लिहिलं की पहिला मान त्यांचाच. हे लिहिणारा माणूस कोण, तर ज्याच्या नावावर तो मान होता तोच. धनाचा अपरिग्रह करणारे आपण पुष्कळ पाहतो, श्रेयाचा करणारे विरळा. तेव्हापासून जाणकार लोक १९८६च्या जन्माला 'शास्त्रीय नोंदी असलेला पहिला' असं नेमकं म्हणतात.

आता 'कृत्रिम' या शब्दाकडे येते. माझं माहेर सांगली जिल्ह्यातलं. तिकडे पशुवैद्यकीय दवाखान्यावर 'कृत्रिम रेतन केंद्र' अशी पाटी लहानपणापासून पाहिली. गाय माजावर आली की डॉक्टरला बोलवायचं, ते बर्फासारखी वाफ येणाऱ्या टाकीतून कांडी काढायचे, आणि गाय भरवून व्हायची. मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये उरुळीकांचनला बाएफ संस्था उभी केली, आणि संकरित गायींसाठी ही सोय शेतकऱ्याच्या दारापर्यंत पोहोचली. त्या टाकीत द्रवरूप नायट्रोजन असतो, उणे १९६ अंश. वीर्य गोठवून जिवंत ठेवण्याची किल्ली १९४९ मध्ये इंग्लंडमध्ये सापडली: ग्लिसरीन! प्रयोग कोंबड्याच्या वीर्यावर चालला होता. तिथून ते गुरांकडे गेलं आणि १९५३ मध्ये अमेरिकेत माणसांकडे. त्यामुळे गावाकडच्या सासूबाईंनी 'इंजेक्शनचं मूल' म्हटलं तर त्या अगदीच अडाण्यासारखं बोलत नसतात. त्यांनी गोठ्यात पाहिलेलं असतं. पण सुनेला ते कसं लागत असेल, याचा विचार करा.

खरं तर याची सुरुवात गायीपासूनही नाही, कुत्रीपासून आहे. इटलीतला लाझारो स्पालांझानी हा धर्मगुरू आणि निसर्गसंशोधक. त्याने १७८०च्या सुमारास पिचकारीने कुत्रीच्या गर्भाशयात वीर्य सोडलं आणि तिला तीन पिल्लं झाली. त्याच शतकात लंडनच्या जॉन हंटर या शल्यवैद्याने एका कापडव्यापारी जोडप्याला याच मार्गाने मदत केली. पतीला जन्मतः व्यंग होतं, वीर्य त्याचंच होतं.

पुढची गोष्ट मात्र मला सांगताना अजून राग येतो. १८८४ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाला विल्यम पँकोस्ट नावाच्या प्राध्यापक डॉक्टरकडे एक जोडपं आलं. आधी बाईच्याच तपासण्या झाल्या. दोष पतीच्या वीर्यात निघाला. मग डॉक्टरने बाईला क्लोरोफॉर्म देऊन बेशुद्ध केलं आणि आपल्या एका विद्यार्थ्याचं वीर्य तिच्या गर्भाशयात सोडलं. तिला विचारलं नाही, सांगितलं नाही. पतीला नंतर सांगितलं, आणि दोघा पुरुषांनी ठरवलं की तिला कळू द्यायचं नाही. मुलगा झाला. १९०९ मध्ये तिथे हजर असलेल्या एका विद्यार्थ्याने हे छापलं, तेव्हा जगाला कळलं. त्या बाईचं नाव इतिहासात नाही. दात्याच्या वीर्याने झालेल्या गर्भधारणेची पहिली लिखित हकिकत ती हीच.

यातून पुढे डॉक्टरांनी दोन नावं वेगळी केली. पतीचं वीर्य असेल तर एआयएच, दात्याचं असेल तर एआयडी. शेवटचं एकच अक्षर वेगळं, आणि त्या एका अक्षरात घराचं सगळं गुपित. १९८०च्या दशकात एड्स आला तेव्हा एआयडी हे नाव कानाला भयंकर वाटू लागलं, आणि हळूहळू नुसतं 'डोनर इन्सेमिनेशन' म्हणायला लागले. आज बोरिवलीच्या क्लिनिकमध्ये आययूआय म्हणतात. त्यातून वीर्य कुठे सोडलं तेवढंच कळतं: गर्भाशयात. कुणाचं, ते कळत नाही. ते वेगळं विचारावं लागतं.

माझ्या नणंदेच्या मुलीच्या हातात मागच्या वर्षी संमतीपत्रांचा गठ्ठा आला, सगळा इंग्रजीत. तिने फोन केला, "मामी, सही कुठे करायची ते त्यांनी पेन्सिलने खूण करून दिलंय. कशावर करायची ते तू सांग." आम्ही स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून एकेक पान वाचलं. मी तिला प्रत्येक शब्दाला तीनच प्रश्न विचारायला लावले. बीज कुणाचं, फलन कुठे, आणि गर्भ कुणाच्या पोटात.

आययूआयमध्ये वीर्य धुऊन, चांगले शुक्राणू वेगळे करून बारीक नळीने गर्भाशयात सोडतात. फलन तुझ्याच शरीरात, गर्भनलिकेत. भूल लागत नाही. आयव्हीएफमध्ये दहा-बारा दिवस इंजेक्शनं, मग सुईने स्त्रीबीजं बाहेर काढायची, फलन बशीत, भ्रूण परत तुझ्या पोटात. इक्सी म्हणजे त्यातलीच एक पायरी: शुक्राणू आपसूक शिरण्याची वाट न पाहता एकच शुक्राणू सुईने स्त्रीबीजात घालायचा. ब्रुसेल्सच्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये ते जगापुढे आणलं, आणि ज्या पुरुषांत शुक्राणू फार कमी त्यांना स्वतःचं मूल होण्याची वाट उघडली. गिफ्ट नावाचाही एक प्रकार होता. स्त्रीबीज आणि शुक्राणू दोन्ही गर्भनलिकेत नेऊन ठेवायचे, फलन आतच. हिंदुजांच्या हातून भारतातलं पहिलं गिफ्ट बाळ १९८८च्या जानेवारीत झालं. आता ते फारसं कुणी करत नाही, पण जुन्या मासिकांत नाव सापडतं म्हणून सांगितलं.

इक्सीचं ऐकून ती गप्प झाली. मग म्हणाली, "म्हणजे हे त्यांच्यासाठी आहे. आणि सुया सगळ्या मला." खरंच आहे. वांझ हा शब्द आपण बाईला लावतो, गाईला लावतो, झाडाला लावतो. पुरुषाला लावल्याचं तुम्ही कधी ऐकलंय का?

आणखी एका शब्दाने आमची करमणूक झाली. आपल्या घरात अंड्याचं नाव निघत नाही, केकवरचा हिरवा ठिपका आपण चष्मा लावून बघतो, आणि डॉक्टर सोनोग्राफी करताना म्हणतात, "अंडी छान आहेत, बारा दिसतायत." ती म्हणाली, मला पहिल्यांदा कसंसंच झालं. मराठीत स्त्रीबीज हा सुंदर शब्द आहे, तो वापरायला सांगा. त्याच्या मागेही मोठा इतिहास आहे. आपल्या जुन्या बोलण्यात बीज पुरुषाचं आणि स्त्री म्हणजे क्षेत्र, शेत. धर्मशास्त्रांत तर दुसऱ्याच्या बीजापासून पत्नीला झालेल्या मुलाला 'क्षेत्रज' असा स्वतंत्र शब्दच होता, औरस आणि दत्तकाच्या जोडीला. १८२७ मध्ये कार्ल फॉन बेअर या शास्त्रज्ञाने सस्तन प्राण्यातलं स्त्रीबीज प्रथम डोळ्यांनी पाहिलं, तेही एका कुत्रीत. बाईलाही स्वतःचं बीज आहे, हे त्या एका शब्दात आलं. शेताची मालकीण बियाण्याचीही निघाली!

आता आपल्या शास्त्राकडे. दशलक्षण पर्वात आपण तत्त्वार्थसूत्राचा रोज एक अध्याय वाचतो. दुसऱ्या दिवशी, उत्तम मार्दवाला, जन्माचे तीन प्रकार येतात: संमूर्च्छन, गर्भ आणि उपपाद. देव-नारकींचा उपपाद, सूक्ष्म जीवांचा संमूर्च्छन, आपला गर्भजन्म. मला एकीने विचारलं होतं की आयव्हीएफचं बाळ यातल्या कुठल्या प्रकारात? प्रश्न बाष्कळ नाही. पूज्यपादांची सर्वार्थसिद्धी गर्भाचा अर्थ सांगताना स्त्रीच्या उदरात शुक्र आणि शोणित यांचं मिसळणं असं म्हणते. इथे मिसळणं बशीत होतं, मग वाढ उदरात. मिश्रण आई-वडिलांच्याच बीजांचं आणि वाढ आईच्याच पोटात, तेव्हा मी त्याला गर्भजन्मच म्हणते. पण जीव त्यात केव्हा येतो, बशीत की उदरात, हा प्रश्न उरतो, आणि तो मी त्यागीवृंदांकडे सोपवते.

आमच्या मजल्यावरच्या कच्छी भाभी श्वेतांबर आहेत. पर्युषणात त्यांच्याकडे कल्पसूत्र वाचतात. त्यात हरिणैगमेषी देव भगवान महावीरांचा गर्भ ८२ दिवसांनंतर देवानंदेच्या उदरातून त्रिशलामातेच्या उदरात नेतो. आपण दिगंबर ही कथा मानत नाही. मथुरेच्या कंकाली टेकडीतून निघालेल्या एका शिल्पावर हा नैगमेष कोरलेला आहे, तो तुकडा लखनौच्या संग्रहालयात आहे. म्हणजे कथा फार जुनी. पण हल्ली काही जण छातीठोकपणे सांगतात की आपल्याकडे तेव्हाच सरोगसी होती. मला हे पटत नाही. ज्याला आज एम्ब्रियो ट्रान्स्फर म्हणतात त्यात भ्रूण बशीतून गर्भाशयात जातो, आणि तोही काही दिवसांचा, सुईच्या टोकाएवढा. एका पोटातला वाढलेला गर्भ दुसऱ्या पोटात ठेवणं आजही कुणाला जमत नाही. भाभींना त्या कथेतून जे मिळतं ते श्रद्धेचं आहे, त्याला प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र कशाला हवं?

सरोगसीवरून आठवलं. आपली वर्तमानपत्रं सर्रास 'भाड्याचं गर्भाशय' लिहायची. समृद्धी पोरे यांचा 'मला आई व्हायचंय!' हा मराठी चित्रपट याच विषयावर होता, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि त्यावरूनच पुढे हिंदीत 'मिमी' आला. आता 'भाड्याचं' म्हणणं कायद्यानेही चूक ठरलंय. २०२१ मध्ये दोन कायदे झाले, एक सरोगसीचा, दुसरा साहाय्यक प्रजनन तंत्रज्ञानाचा. दवाखान्याचा खर्च आणि विमा सोडून सरोगेट बाईला पैसे देता येत नाहीत. तिचं स्वतःचं स्त्रीबीजही वापरता येत नाही. दुसऱ्या कायद्याने दात्यांचे नियम ठरवले: स्त्रीबीज देणारी २३ ते ३५ वयाची, आयुष्यात एकदाच, आणि तिच्याकडून सातपेक्षा जास्त बीजं घ्यायची नाहीत. एका दात्याचं बीज एकाच जोडप्याला. आणि या मार्गाने झालेलं मूल कायद्याने त्या जोडप्याचं जैविक मूलच धरलं जातं. क्षेत्रज, औरस हे सगळे खण तिथे संपले. मुलगा हवा की मुलगी ते निवडायला तर मनाईच आहे. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा देशातला पहिला राज्य कायदाही आपल्या महाराष्ट्राचाच, १९८८चा.

राहता राहिला आपल्या घरात सगळ्यात जड जाणारा शब्द, 'सरप्लस एम्ब्रियो'. उरलेले भ्रूण. बारा स्त्रीबीजं काढली, सगळ्यांचं फलन केलं, आठ भ्रूण झाले, एक-दोन पोटात ठेवले. बाकीचे त्याच उणे १९६ अंशांच्या टाकीत. कायद्याप्रमाणे जास्तीत जास्त दहा वर्षं ठेवता येतात. त्यानंतर ते नष्ट होऊ द्यायचे किंवा जोडप्याच्या संमतीने संशोधनाला द्यायचे. मुंगी वाचवून चालणाऱ्या बाईला या पानावर सही करताना काय होत असेल, ते मी नणंदेच्या मुलीच्या चेहऱ्यावर पाहिलंय. पण यावर वाट आहे, आणि ती बहुतेकींना कुणी सांगत नाही. सगळ्या स्त्रीबीजांचं फलन करायलाच हवं असं नाही. दोन-तीनच फलनाला घ्या आणि उरलेली बीजं फलनाशिवाय गोठवा, असं डॉक्टरांना सांगता येतं. यशाची शक्यता त्याने थोडी कमी होऊ शकते, पुढच्या खेपेला खर्चही पडतो, तेव्हा दोघांनी बसून ठरवा. मात्र ठरवायचं ते इंजेक्शनं सुरू होण्याआधी. बीजं काढल्यावर काही तासांतच त्यांचं फलन करतात, आणि तेव्हा तुम्ही भुलेच्या गुंगीत असता.